कॉलेज पाहून घ्यावे, ऐकून घेऊ नये

बारावीचा निकाल लागला की आमच्या शहरांतून जो एक वार्षिक गोंधळ सुरू होतो, त्याचे वर्णन वाचकांस करून सांगण्याची गरज नाही. कारण ज्या घरात अठरा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी आहे त्या घरात तो चालूच असतो, व ज्या घरात नाही त्या घरातील मंडळी सल्ला देण्याच्या निमित्ताने त्यात सामील होतात. मामा एका कॉलेजाचे नाव सांगतात, शेजारचे डॉक्टर दुसऱ्याचे सांगतात, चौकातला फलक तिसऱ्याचे सांगतो, आणि अखेरीस ज्या नावाचा उच्चार अधिक वेळा झाला त्या नावापुढे खूण केली जाते. आश्चर्य हे की, हा सर्व व्यवहार ज्यांच्या हातून होतो ते गृहस्थ इतर व्यवहारात असे भोळे मुळीच नसतात. मार्केट यार्डात शंभर पोती गहू घ्यावयाचा झाल्यास जो व्यापारी पोत्यात सळई खुपसून तळचे दाणे तळहातावर घेतल्यावाचून भाव बोलत नाही, तोच आपल्या मुलाच्या आयुष्याची तीन-चार वर्षे आणि स्वतःच्या पदरचे काही लाख रुपये एका रंगीत पुस्तिकेवर विश्वासून देऊन टाकतो. न्यायकोर्टात ऐकीव गोष्टीस पुरावा म्हणून सहसा कोणी उभे करीत नाही. कॉलेजाच्या निवडीत मात्र ऐकीव गोष्टीखेरीज दुसरा पुरावा मागितलाच जात नाही.

या गोंधळात बहुतेक घरी दोन पक्ष पडलेले दिसतात. यजमानांचा पक्ष असा की, जेथे अभ्यास कडक तेथेच मुलाने जावे. नाटके, वक्तृत्वसभा, सहली व स्नेहसंमेलने हे सारे उनाडांचे उद्योग. चिरंजीवांचा पक्ष असा की, अभ्यास काय, तो क्लासातही होतो. कॉलेज असे असावे की तेथे मजा आहे. हे दोन पक्ष जेवणाच्या पानावर एकमेकांशी कितीही भांडले तरी एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण एकमत आहे, आणि तो मुद्दा हा की, विद्या आणि विद्यार्थिजीवन या दोन निरनिराळ्या दुकानांत मिळणाऱ्या वस्तू होत, व एक घेतली की दुसरी सोडावीच लागते. आमचा वाद बापाशी नाही व लेकाशीही नाही. तो या एकमताशी आहे.

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास या एकमताच्या थेट विरुद्ध साक्ष देतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांनी पहिल्या वर्षी पुस्तकांपेक्षा तालमीकडेच अधिक लक्ष दिले, हे सर्वश्रुत आहे. तेच टिळक पुढे गणितात पहिल्या वर्गाचे पदवीधर झाले व १८७९ साली कायद्याची परीक्षा उतरले. त्याच कॉलेजात आगरकर अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत व एम. ए. चा अभ्यास करीत. या दोघांची गाठ पडली ती कोणत्या वर्गात अथवा कोणत्या परीक्षेत पडली नाही. ती वसतिगृहात व टेकडीवरच्या फिरण्यात, रात्र रात्र चाललेल्या वादांत पडली. त्या वादांतून काय निघाले? विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सहवासाने १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. डेक्कन कॉलेजातील प्राध्यापकांनी उत्तम शिकविले नसते तर या तरुणांच्या वादांना विषय मिळाला नसता. आणि वाद घालण्यास सवड, सोबत व खोली मिळाली नसती तर शिकलेल्या विषयाचे पदवीच्या कागदापलीकडे काही झाले नसते.

पुढे फर्ग्युसनच्या बाबतीत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. तेथील आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर वीस-वीस वर्षे शिकविण्याचे बंधन पत्करले होते. गोखले अशा बंधनाने तेथे राहिले. महर्षी कर्वे यांनी १८९१ पासून तेथे गणित शिकविले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिजास सीनियर रँग्लर झाले, हिंदी माणसास हा मान प्रथमच मिळाला, आणि मोठ्या पगाराच्या जागा ज्यास सहज मिळाल्या असत्या असा तो तरुण पुण्यास परत येऊन १९०२ साली फर्ग्युसनचा प्रिन्सिपॉल झाला. ज्ञानाच्या बाजूने यापेक्षा भक्कम कॉलेज कोणते असावयाचे? परंतु १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी झाली तेव्हा याच विद्वान प्रिन्सिपॉलांनी विनायक सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढून टाकले, आणि लोकमान्यांनी ‘केसरी’तून कॉलेजांच्या चालकांचा खरपूस समाचार घेतला. परांजप्यांच्या विद्वत्तेविषयी आमच्या मनात आदर आहे व तो या प्रकरणाने कमी होत नाही. तथापि, विद्यार्थ्यांच्या सार्वजनिक जीवनाची धास्ती चांगल्या शिक्षकांसही वाटते, आणि ती वाटली म्हणजे नियमांचे पुस्तक बाहेर येते, हे या प्रकरणावरून ध्यानात घेण्याजोगे आहे. आजच्या पालकास ती धास्ती वाटते यात नवल नाही. तिच्यापायी मुलास काय गमवावे लागते याचा हिशेब मात्र त्याने मांडला पाहिजे.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील की, टिळक-आगरकरांच्या गोष्टी आम्हांस सांगू नका. आमचा मुलगा डॉक्टर व्हावयाचा आहे, पुढारी व्हावयाचा नाही. ठीक आहे, डॉक्टरांचेच उदाहरण घेऊ. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातील अभ्यास हलका आहे असे त्याच्या शत्रूसही म्हणता यावयाचे नाही. त्या कॉलेजातून श्रीराम लागू निघाले, जब्बार पटेल निघाले, मोहन आगाशे निघाले. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले, आगाशे त्याच कॉलेजात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले, पटेलही डॉक्टरच. आणि १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले तेव्हा दिग्दर्शक पटेल होते व घाशीरामाच्या नाटकातले नाना आगाशे होते. कॉलेजाच्या स्टेजवर जो रंग लागला त्याने यांपैकी कोणाचीही पदवी बुडाली नाही. आता प्रत्येक नाटक करणारा विद्यार्थी लागू होत नाही हे उघड आहे. पण प्रत्येक नाटक न करणारा विद्यार्थी शल्यचिकित्सक होतो असेही नाही.

खरा आक्षेप याहून निराळा आहे व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. आक्षेपक म्हणतील, आता प्रवेशपरीक्षांचे दिवस आहेत. नीट, जेईई अथवा सीईटी यांत एका गुणाने शेकडो मुले मागे पडतात. अशा स्थितीत अकरावी-बारावीच्या मुलास कॉलेजात पाठवून वेळ दवडावा तरी का? या प्रश्नाचे उत्तर आमच्या शहरांनी आधीच देऊन टाकले आहे, आणि ते उत्तर अत्यंत लज्जास्पद आहे. मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, मुलगा प्रत्यक्षात दिवसभर क्लासाच्या इमारतीत, आणि दोघांमध्ये एक समजुतीचा करार, ही व्यवस्था कोणापासून लपलेली नाही. बाजारात तिला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव आहे. हजेरीपट भरलेला, वर्ग रिकामा. शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटाच्या ठशाने हजेरी घेण्याचा हुकूम काढला, तो याच रोगावर. रोग त्या औषधास पुरून उरला.

आमच्या वाचकांतील व्यापारी मंडळींस आम्ही सरळ विचारतो. आपल्या पेढीवर एखाद्या कारकुनाने न आलेल्या मालाची आवक वहीत दाखविली तर आपण त्यास काय म्हणाल? मग आपल्या सोळा वर्षांच्या मुलास, तू वर्गात नसताना तुझी हजेरी लागते व ती आम्हीच लावून घेतली आहे, हे पहिले सार्वजनिक ज्ञान आपण कोणत्या तोंडाने देता? जो मुलगा कायद्याशी असा पहिला परिचय करून घेतो, तो पुढे कर भरताना, परवाना मागताना व मत देताना कसा वागेल याची चिंता देशाची चिंता करणाऱ्या प्रत्येकास वाटली पाहिजे. शिवाय या व्यवस्थेत पैसा दोनदा जातो, फी कॉलेजासही व क्लासासही. प्रयोगशाळेतील काचेची नळी मुलाच्या हातात कधी पडत नाही. प्रयोगवही दुसऱ्याची उतरून काढलेली असते. आणि ज्या दोन वर्षांत मित्र जोडावयाचे, भांडावयाचे, एखाद्या संघात खेळून हरावयाचे, ती दोन वर्षे बहुपर्यायी प्रश्नांच्या चौकोनांत काळी होतात.

क्लास मुळीच नकोत असे आमचे म्हणणे नाही. ज्यास गरज आहे त्याने संध्याकाळी जावे. पण लातूर पॅटर्न म्हणून ज्याचा गाजावाजा झाला तो मुळात कोणी सुरू केला हे लोक विसरले आहेत. कॉलेजांतील शिक्षकांनीच जादा तास घेऊन, सराव परीक्षा घेऊन, आपल्याच वर्गात तो उभा केला होता. जे काम कॉलेजाच्या फळ्यापुढे होऊ शकत होते ते क्लासाच्या पडद्यापुढे गेले, कारण पालकांनी कॉलेजाकडे ते मागणेच सोडून दिले.

आता पदवीच्या कॉलेजाकडे वळू. अभ्यास चांगला की वाईट हे कशावरून ओळखावे? प्रथम तेथील श्रेणी पाहिली जाते. नॅक ही परिषद १९९४ साली स्थापन झाली. राष्ट्रीय क्रमवारीची पहिली यादी २०१६ साली निघाली. दोन्हींचा उपयोग आहे व तो आम्ही नाकारीत नाही. परंतु श्रेणी हा कॉलेजाने स्वतःविषयी सादर केलेल्या कागदांवर व दोन-तीन दिवसांच्या भेटीवर दिलेला निवाडा असतो, तो सामान्यतः पाच वर्षांच्या मुदतीचा असतो, आणि फलकावर श्रेणीचे अक्षर जेवढे मोठे असते तेवढे तिचे साल नसते. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय अन्वेषण विभागाने लाचेच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीतील सदस्यांस अटक केली, ही बातमी वाचकांनी वाचली असेलच. आरोप शाबीत होणे न होणे हा कोर्टाचा विषय. पालकाने यातून एवढेच घ्यावे की, श्रेणीपाशी चौकशी संपत नाही.

चौकशी करावयाची ती शिक्षकांची. कोणत्याही अनुदानित कॉलेजात गेल्यावर हा एक प्रश्न विचारावा: ज्या विषयासाठी मुलगा येणार त्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती, मंजूर जागा किती, रिकाम्या किती, आणि तासिका तत्त्वावर किती जण शिकवितात? तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचा मोबदला. सुटीत नाही, परीक्षेच्या काळात नाही, पुढील वर्षी जागा राहील याची शाश्वती नाही. या मंडळींत नेट-सेट उतरलेले, पीएच. डी. झालेले, मन लावून शिकविणारे तरुण पुष्कळ आहेत व त्यांच्याविषयी आमच्या मनात सहानुभूतीच आहे. पण जो शिक्षक सकाळी एका कॉलेजात व दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो, त्याच्यापाशी तास संपल्यावर विद्यार्थ्यांबरोबर बसण्यास वेळ कोठून यावा? वक्तृत्व शिकविणारा, भित्तिपत्रकातील लेख तपासणारा, डोंगरावर मुलांना नेणारा मनुष्य हा नेहमी तेथे वर्षानुवर्षे राहिलेला शिक्षकच असतो. रिकाम्या जागांमुळे अभ्यास दुबळा होतो असे लोक म्हणतात. आम्हांस वाटते, त्याआधी विद्यार्थिजीवन मरते.

दुसरी चौकशी ग्रंथालयाची. पुस्तके किती हजार हा आकडा पुस्तिकेत असतो, तो सोडून द्यावा. कपाटापर्यंत विद्यार्थ्यास जाता येते काय, की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते? सायंकाळी सात वाजता वाचनालय उघडे असते काय? नव्याने आलेल्या पुस्तकांवर कोणत्या वर्षाचा शिक्का आहे? ज्या ग्रंथालयाला दुपारी चारला कुलूप लागते त्या कॉलेजात पुस्तके ही मालमत्ता आहे, विद्या नव्हे.

नोकऱ्यांच्या आकड्यांविषयी व्यापाऱ्यांस फार सांगावे लागू नये. अमुक विद्यार्थ्यास इतक्या लाखांचे पॅकेज, असा फलक गावभर लागतो. हंगामातील पहिल्या हापूसच्या पेटीस मुहूर्ताच्या सौद्यात जो भाव मिळतो, त्यावरून वर्षाचा हिशेब कोणता अडत्या मांडतो? सर्व विद्यार्थ्यांस पगाराच्या क्रमाने रांगेत उभे करून मधल्या विद्यार्थ्यास किती मिळतात ते विचारावे, आणि रांगेत किती जण उभेच राहिले नाहीत तेही विचारावे.

येथवर अभ्यासाचे झाले. परंतु विद्यार्थिजीवन जिवंत आहे की नुसते गजबजलेले आहे, हे ओळखणे अधिक कठीण, आणि चिरंजीवांचा पक्ष येथेच फसतो. मोठे मांडव, प्रायोजकांचे झेंडे, सिनेनटांचे आगमन व रात्री दहापर्यंत कर्कश संगीत यांस उत्सव म्हणता येईल. त्यात विद्यार्थ्याचा वाटा प्रेक्षकाचा. आम्ही विचारतो ते असे: कार्यक्रमाचा हिशेब कोण ठेवतो? विषय कोण निवडतो? चुकले तर बोलणी कोण खातो? या तिन्हींचे उत्तर ‘विद्यार्थी’ असेल तर तेथे विद्यार्थिजीवन आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तिच्यासाठी मुले पावसाळ्यात कॉलेजाच्या एखाद्या रिकाम्या खोलीत महिनाभर घाम गाळतात. लेखन, दिग्दर्शन, प्रकाश, सामानाची ने-आण, सारे त्यांचेच. २०२२ साली परीक्षकांनी एकही संघ करंडकास पात्र नाही असा निकाल दिला. पुष्कळांस तो कठोर वाटला. आम्हांस तो विद्यार्थ्यांचा गौरव वाटला. कारण ज्यांच्याकडून काही अपेक्षा आहे त्यांनाच कोणी ‘अजून जमले नाही’ असे सांगतो. अठराव्या वर्षी तोंडावर हे ऐकण्याची सोय ज्या जीवनात आहे त्यास मजा म्हणून हिणविणे बरोबर नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने खेळ, कला, राष्ट्रीय सेवा योजना यांसही आता श्रेयांक लावले आहेत. हेतू चांगला आहे. मात्र आमच्या देशात जे जे गुणपत्रिकेत जाते ते ते प्रमाणपत्रापुरते उरते, हा अनुभव जुना आहे. गांधी-जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६९ साली निघालेल्या सेवा योजनेचे किती शिबिरार्थी खरोखर खेड्यात राबले व कितींनी फोटोपुरते खोरे धरले, हे प्रत्येक कॉलेजाने आपल्या मनाशी तपासावे. पालकाने शिबिर कोणत्या गावी झाले ते विचारावे, आणि गाव जवळ असल्यास त्या गावीच जाऊन विचारावे.

विद्यार्थ्यांच्या निवडणुकांची कथा तर आम्हां राष्ट्रीय विचाराच्या लोकांस विशेष खेदाची वाटते. मारामाऱ्या व खून यांनी त्या बदनाम झाल्या हे खरे, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने ती वाट पुन्हा मोकळी केली. २०१९ साली निवडणुका घेण्याचे घाटले व मग लांबणीवर टाकले. ज्या वयात मनुष्यास लोकसभेसाठी मत देता येते त्या वयात त्याला आपल्या कॉलेजाचा प्रतिनिधी निवडण्यास अपात्र मानणे, आणि नंतर तरुण पिढी राजकारणापासून दूर राहते म्हणून अग्रलेख लिहिणे, या दोन गोष्टी एकत्र शोभत नाहीत. तोवर ज्या कॉलेजांत निदान वर्गप्रतिनिधी, वादसभेचा चिटणीस अथवा वसतिगृहाच्या खानावळीची समिती मुले आपल्या मताने नेमतात, त्यांची किंमत अधिक समजावी. पोळीचा भाव व डाळीचा हिशेब यांवर जी समिती भांडते तिच्यात नगरपालिकेचे चांगले सभासद तयार होतात.

विद्यार्थिजीवन ही खात्यापित्या घरांची चैन आहे, असाही एक समज आहे. तो दूर करण्यास दोन संस्थांची नावे पुरेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तेथे मुले शेतात राबत व वर्गात शिकत, आणि एका पंक्तीला सर्व जातींची बसत. ज्यांच्या वडिलांनी शाळेचा उंबरठा पाहिला नव्हता अशांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईस १९४६ साली सिद्धार्थ व औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले कॉलेज काढले. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहून विद्यार्थ्यांकडून करविले. त्याच कॉलेजाच्या वातावरणात गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ वाढले व दलित साहित्यास व्यासपीठ मिळाले. भाकरीची भ्रांत असलेल्या मुलांस प्राचार्यांनी ‘आधी फक्त पुस्तक घोका’ असे सांगितले असते तर मराठी साहित्य किती दरिद्री राहिले असते!

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही मुख्यतः हा विषय हाती घेतला तो. वर जे जे लिहिले ते वाचताना आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा मुलगाच उभा असेल. मुलीचे कॉलेज निवडण्याची पद्धत त्याच घरात अगदी वेगळी असते व ती दोन शब्दांत सांगता येते: जवळचे असावे. मुलगा नव्वद टक्क्यांचा असो वा साठ, त्याच्यासाठी पुणे-मुंबईची वसतिगृहे धुंडाळली जातात. मुलगी नव्वद टक्क्यांची असली तरी ‘येथेही बी. कॉम. होतेच की’. ती कॉलेजात जाते, तास संपताच परत येते, तालमीस थांबण्याची तिला मुभा नाही, सहलीस नकार, वादसभेत भाग घेतला तर ‘आता घरी कोणाशी वाद घालणार’ अशी थट्टा. म्हणजे पदवी तिला मिळते, पण वर सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही मिळत नाही. ज्या व्यापारी घरांत पुढे तीच सून दुकानाचे कर भरते, तगाद्याचे फोन करते, बँकेच्या व्यवस्थापकाशी बोलते, त्या घरांनी तिला चारचौघांत उभे राहून बोलण्याचे शिक्षण नाकारावे, हे धर्माच्या तर नाहीच, धंद्याच्याही दृष्टीने शहाणपणाचे नाही. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले त्यास शंभर वर्षे होऊन गेली. मुलगी शिकावी की नाही हा वाद आम्ही जिंकलो. ती शिकत असताना सायंकाळी साडेसहाला कोठे असावी, हा वाद अजून घराघरांत चालू आहे, आणि त्यात सुधारकी भाषा बोलणारे पुष्कळ जण पहिल्याच प्रश्नास गप्प बसतात.

सुरक्षिततेची काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण काळजी असेल तर तिची कायदेशीर चौकशी करावी. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. १९९७ च्या विशाखा निवाड्यानंतर व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, व तिच्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असावे लागतात. त्या समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत काय? कार्यालयातील कारकुनास ती विचारली असता तो फाइल काढतो की इकडेतिकडे पाहू लागतो? वसतिगृहाच्या रेक्टरबाई रात्री तेथेच राहतात काय? ही उत्तरे समाधानकारक मिळाली तर मुलीस पाठवावे, आणि पाठविल्यावर तालमीस थांबू द्यावे. उत्तरे मिळाली नाहीत तर ते कॉलेज मुलासही योग्य नाही. खर्चाची सबब असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४-२५ या वर्षापासून शासनाने संपूर्ण माफ केली. कागदपत्रे वेळेवर जमविली नाहीत म्हणून हा हक्क बुडू देणारी घरे पाहिली म्हणजे वाईट वाटते.

पैशाविषयी अधिक लिहीत नाही. देणगी घेऊन प्रवेश देण्यास १९८७ च्या कायद्याने मनाई आहे, व प्रवेश रद्द केल्यास मूळ दाखले अडवून ठेवता येत नाहीत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. जो कोणी पावतीवाचून पैसे मागेल त्यास हे दोन आकडे ऐकवावेत.

प्रत्यक्ष पाहणीस जाणे ते संस्थेने ठरविलेल्या ‘ओपन डे’ला जाऊ नये. सत्र चालू असताना एखाद्या साध्या मंगळवारी अकराच्या सुमारास जावे, मुलास व मुलीस बरोबर घ्यावे, आणि प्राचार्यांच्या खोलीत चहा पिण्याच्या आधी आवारातून एक फेरी मारावी. वर्ग भरलेले आहेत काय? सूचनाफलकावरील कागदांवर चालू महिन्याच्या तारखा आहेत, की मागील दिवाळीच्या? कट्ट्यावर बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास विचारावे, तुमच्या कोणत्या शिक्षकांस तुम्ही तासाबाहेर भेटता? तो एका दमात दोन नावे सांगेल तर निम्मी चौकशी झाली. त्याला नाव आठवेना तर पुस्तिकेतील सर्व छायाचित्रे निरुपयोगी आहेत. आपल्या मुलास काय वाटते हे परतीच्या गाडीत विचारावे व तो बोलत असता मध्ये बोलू नये. तीन वर्षे तेथे राहणार तो आहे.

कॉलेजांच्या चालकांस आमची एक मागणी आहे. प्रत्येक कॉलेजाने प्रवेशद्वाराशी एक फलक लावावा: विषयवार मंजूर जागा, भरलेल्या जागा, तासिका तत्त्वावरील शिक्षक, ग्रंथालयाच्या वेळा, मुले चालवितात त्या मंडळांची नावे व त्यांच्या गेल्या वर्षीच्या सभांच्या तारखा, तक्रार समितीच्या सदस्यांची नावे. यास शासनाचा हुकूम लागत नाही, निधी लागत नाही. सुतारास सांगितले तर दोन दिवसांत चौकट होते व रंगाऱ्यास एक दिवस पुरतो. पुढील प्रवेशांपूर्वी जी कॉलेजे असा फलक लावून आम्हांस कळवितील त्यांची नावे, फलकावरील आकड्यांसह, या पत्रात विनामूल्य छापली जातील.